युरोपची क्रूझ घ्यावी का? आधी वेळापत्रक उघडा

युरोपच्या क्रूझची जाहिरात बघितली की नजर पहिल्यांदा जहाजावर जाते. पंधरा-अठरा मजले, पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, थिएटर, दहा-बारा उपाहारगृहं. चौकशी करणारेही बहुतेक वेळा हेच विचारतात, की जहाज कोणतं चांगलं? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा, की जहाज कोणत्या बंदराला किती वाजता लागतं आणि तिथून किती वाजता सुटतं. सात रात्रींच्या क्रूझमध्ये तुम्ही खरं तर पाच-सहा गावांमधले मोजके तास विकत घेत असता. ते तास कामाचे असतील तर क्रूझसारखी सोय नाही. नसतील तर जहाज कितीही झगमगीत असो, युरोप बघायचा राहूनच जातो.

इथे मुख्यतः पश्चिम भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या फेरीचा विचार केला आहे, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तीच सोयीची पडते. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, रोमसाठी चिव्हितावेक्किया, मग नेपल्स किंवा पालेर्मो, कधी माल्टाचं व्हॅलेटा, कधी स्पेनचं पाल्मा. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांची जहाजं ही फेरी सतत मारत असतात आणि त्यांच्यावर वाटेतल्या कोणत्याही मोठ्या बंदरातून चढता येतं. म्हणजे बार्सिलोनाचं विमान महाग पडत असेल तर रोम किंवा जिनोआहून सुरुवात करून तिथेच उतरता येतं, फेरी तीच राहते. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, सेलेब्रिटी या कंपन्या साधारणपणे एकाच बंदरातून सगळ्यांना घेतात.

"रोम" म्हणजे रोम नव्हे

माहितीपत्रकात लिहिलेलं शहर आणि जहाज लागतं ते बंदर यांत किती अंतर आहे हे आधी तपासा. निम्मा निर्णय इथेच होतो.

रोमचंच घ्या. बंदर आहे चिव्हितावेक्किया, रोमपासून सुमारे ७५ किलोमीटरवर. जहाज सकाळी सातला धक्क्याला लागलं आणि संध्याकाळी सातला सुटणार आहे असं धरू. कागदावर बारा तास दिसतात. प्रत्यक्षात उतरायची परवानगी मिळून गँगवेवरून खाली यायला पाऊण तास जातो. बंदराच्या आत पायी फिरायला मज्जाव असतो, त्यामुळे बंदराच्या मोफत बसने लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी यायचं. तिथून रेल्वे स्टेशन पायी वीसेक मिनिटं, किंवा गावातली बस. मग साधी प्रादेशिक गाडी. ती सान पिएत्रो स्टेशनला पाऊण-एक तासात आणि तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला सव्वा तासाच्या आसपास पोचते. व्हॅटिकन बघायचं असेल तर सान पिएत्रोलाच उतरायचं, तिथून सेंट पीटर चौक पंधरा मिनिटं चालत. एवढं सगळं जुळून आलं तर साडेनऊ-पावणेदहाला तुम्ही चौकात असता. जहाजावर परतायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. गाड्या उशिरा धावतात, संप होतात, म्हणून पाच वाजेपर्यंत बंदरात पोचायचं असा हिशेब ठेवायचा. म्हणजे परतीची गाडी सव्वातीनच्या सुमारास. हातात उरले साडेपाच तास.

साडेपाच तासांत व्हॅटिकन म्युझियम आणि सेंट पीटर होतं, किंवा कोलोसियम, फोरम आणि त्रेव्ही कारंजं होतं. दोन्ही होत नाही. दोन्ही "दाखवणाऱ्या" सहलींमध्ये यातली बरीचशी ठिकाणं बसच्या खिडकीतून दाखवली जातात. व्हॅटिकन म्युझियम आणि कोलोसियम या दोन्हींची तिकिटं दिवस आणि वेळ ठरवून आधीच काढावी लागतात. ऐन हंगामात तिथे जाऊन रांग लावली तर निम्मा दिवस रांगेतच जातो. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका. तिकीट असूनही शिक्का नसेल तर दंड होतो.

आता वेळापत्रक वाचण्यातली खरी मेख. ही जहाजं आठवड्याच्या फेऱ्या मारतात, त्यामुळे एखादं जहाज पूर्ण हंगामभर रोमला दर मंगळवारी आणि दुसरं दर रविवारी येतं. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. बुधवारी सकाळी पोप यांची सार्वजनिक भेट असली की सेंट पीटर बॅसिलिका दुपारपर्यंत उघडत नाही. फ्लोरेन्सची उफीझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. तेव्हा भाड्यात शंभर युरोंचा फरक पडला तरी चालेल, पण ज्या जहाजाचा रोमचा दिवस रविवार आणि फ्लोरेन्सचा दिवस सोमवार आहे ते घेऊ नका. आरक्षण करून देणारा एजंट ही गोष्ट स्वतःहून क्वचितच सांगतो.

फ्लोरेन्सची कथा रोमसारखीच. बंदर लिव्होर्नो, मालवाहतुकीचं मोठं बंदर. बसने गावात, तिथून दुसऱ्या बसने स्टेशनवर, तिथून सुमारे दीड तास गाडी. धावतपळत फ्लोरेन्सला जाण्यापेक्षा लिव्होर्नोच्या दिवशी पिसा आणि लुक्का करावं असं मी सांगेन. पिसा लिव्होर्नोहून गाडीने वीस मिनिटांच्या आत, लुक्का तिथून अर्धा तास. लुक्काच्या तटबंदीवरून पूर्ण गावाला फेरी मारता येते आणि दिवस निवांत जातो. जहाज लिव्होर्नोऐवजी ला स्पेझियाला लागत असेल तर फ्लोरेन्सचा विचार सोडून द्या आणि सरळ चिंक्वे तेर्रेला, म्हणजे समुद्रकाठच्या पाच गावांना जा. ला स्पेझिया स्टेशनवरून पहिलं गाव रिओमाज्जोरे गाडीने दहा मिनिटांवर आहे.

अशी बंदरं आणखी आहेत. "पॅरिस" म्हणजे ले आव्र, बसने जायला अडीच ते तीन तास आणि यायला तेवढेच. "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे, तिथलाही हिशेब तसाच. "लंडन" म्हणजे बहुधा साउथॅम्प्टन. "व्हेनिस" तर बघायलाच हवं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे मोठी जहाजं मार्गेराच्या औद्योगिक बंदरात, त्रिएस्तेला किंवा पार रावेन्नाला लागतात. रावेन्नाहून व्हेनिस रस्त्याने अडीच-तीन तास. जुन्या चित्रफितींमध्ये दिसतं तसं डेकवरून घंटाघर बघत व्हेनिसमध्ये शिरणं आता मोठ्या जहाजातून होत नाही. व्हेनिस मनात असेल तर क्रूझच्या आधी किंवा नंतर दोन रात्री तिथे स्वतंत्र राहा.

उलट काही बंदरं अशी आहेत की तिथे क्रूझचा पैसा पुरेपूर वसूल होतो. व्हॅलेटाला जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाचे तट असतात. त्या वेळी न्याहारी सोडून डेकवर असावं. धक्क्यावरून थोडं चाललं की अप्पर बराक्का बागेत नेणारी लिफ्ट आहे, आणि त्या बागेखालच्या तोफखान्यातून दुपारी बाराला आणि चारला तोफ उडते. नेपल्सचा धक्का शहराच्या ऐन मध्यात आहे, किल्ला समोर. काप्रीला जाणाऱ्या जलद बोटी शेजारच्याच धक्क्यावरून सुटतात. पॉम्पेईला जायचं तर गॅरिबाल्दी स्टेशनवरून चिर्कुमवेसुव्हियाना गाडी, चाळीसेक मिनिटं. गर्दी लोकलसारखीच आणि पाकीटमारही तसेच, पाठीवरची सॅक पोटावर घ्या. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारच लोक सोडतात आणि तिकीट नावावर असतं, तेव्हा तेही आधी काढा. अथेन्सचं पिरेयस बंदर मेट्रोने जोडलेलं आहे. माँटेनेग्रोतल्या कोटोरच्या खाडीत जहाज डोंगरांमधून आत शिरतं, तो प्रवासच बघण्यासारखा.

बेटं आणि वारा

ग्रीसच्या बेटांची क्रूझ घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. सँतोरिनीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रात उभं राहतं आणि प्रवाशांना लाँचने जुन्या बंदरात नेतात. तिथून वरच्या फिरा गावात जायला केबल कार, खेचर किंवा जवळपास ५९० पायऱ्या. तीन-चार जहाजं एकदम आली की केबल कारची रांग परतताना तास-दीड तासाची होते, म्हणून शेवटच्या लाँचच्या किमान दोन तास आधी त्या रांगेत उभं राहायचं. खेचरांवर बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचे हाल होतात आणि त्या घसरड्या पायऱ्यांवर बसणाऱ्यालाही धोका असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. आकाश निरभ्र आणि ऊन लख्ख असतं, पण लाटांमुळे लाँच लावता येत नाही आणि कप्तान सँतोरिनी किंवा मिकोनोस सरळ रद्द करतो. भरपाई म्हणून त्या बंदराचे करशुल्क तेवढे परत मिळतात, भाडं नाही. हे करारात लिहिलेलं असतं, भांडून उपयोग होत नाही. म्हणून बेटांसाठी मे-जून किंवा सप्टेंबरची अखेर निवडावी. जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझने येणाऱ्यांवर बंदरशुल्क लावलं आहे. हंगामात सँतोरिनी आणि मिकोनोसला माणशी २० युरो, ते बिलात येतं. पाल्मानेही २०२२ पासून दिवसाला तीनच क्रूझ जहाजं घ्यायचं ठरवलं आणि बार्सिलोना आपले सातपैकी दोन टर्मिनल २०३० पर्यंत कमी करणार आहे. गावकऱ्यांची तक्रार रास्त आहे. चार-पाच हजार माणसं एकदम उतरतात, दुपारी जेवायला जहाजावर परत जातात आणि गावाला कचरा तेवढा मिळतो. जेवण फुकट आहे म्हणून जहाजाकडे धावण्यापेक्षा दुपारचं जेवण गावातच घ्या. वेळही वाचतो.

हंगामाबद्दल महाराष्ट्रातल्या शाळांचं वेळापत्रक आपल्या पथ्यावर पडतं. मे महिना भूमध्य समुद्रासाठी फार चांगला आहे. ऊन सोसवणारं, दिवस मोठा, भाडी युरोपच्या सुट्ट्या सुरू होण्याआधीची. समुद्राचं पाणी मात्र तेव्हा थंड असतं, मुलांना समुद्रात पोहायचं असेल तर निराशा होईल. दिवाळीच्या सुट्टीत भाडी उतरलेली असतात, पण पाऊस आणि फ्रान्सच्या दक्षिणेला मिस्त्राल वारा गाठू शकतो, आणि संध्याकाळ लवकर होते. जुलै-ऑगस्टमध्ये पस्तीस-चाळीस अंशांत उघड्या अवशेषांमधून फिरायचं, त्यात अथेन्सची अ‍ॅक्रोपोलिस उष्णतेच्या लाटेत दुपारी बंदही ठेवतात. ज्येष्ठांना घेऊन या दोन महिन्यांत जाऊ नये.

भाडं आणि खरा खर्च

जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघे धरून. एकट्याने जाणाऱ्याला पुष्कळदा जवळपास दोघांचं भाडं पडतं. समजा एका जोडप्याने मेमधली आतली, बिनखिडकीची केबिन माणशी ७०० युरोंना घेतली, म्हणजे १,४०० युरो. बंदराचे कर वेगळे असतील तर माणशी दीडशे धरा, झाले १,७००. रोजचं सेवाशुल्क, ज्याला टिप म्हणतात, ते माणशी रात्रीला १२ युरो धरलं तर दोघांचे सात रात्रींचे १६८. काही अमेरिकी कंपन्यांमध्ये हाच दर १८ डॉलरांच्या आसपास जातो. क्रूझच्या आदल्या रात्री आणि नंतरच्या रात्री हॉटेल, दोन रात्रींचे ३००. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचं, शुल्क माणशी ९० युरो, म्हणजे १८०, व्हिसा केंद्राचा आकार वेगळा. जहाजावरचं इंटरनेट एका फोनसाठी ८०. पाच बंदरांत स्वतःहून फिरायचं ठरवलं तरी गाड्या, तिकिटं आणि खाणं मिळून माणशी ४० धरले तर ४००. बेरीज २,८२८ युरो. विमानाचं भाडं आणि विमा यांत नाही. म्हणजे जाहिरातीतल्या आकड्याच्या दुप्पट. जहाजाच्या सहली घेतल्या तर त्याहून वर, कारण रोमची एक दिवसाची सहलच माणशी शंभर युरोंच्या घरात जाते.

तरीही हा सौदा वाईट नाही. याच आठ दिवसांत रोम, नेपल्स, बार्सिलोना हॉटेलात राहून, दोन वेळा बाहेर जेवून, गाड्या-विमानांनी जोडायचं म्हटलं तर मेमध्ये खर्च बहुतेक वेळा याहून वरच जातो. मुलं असतील तर फरक आणखी वाढतो, कारण इटालियन कंपन्यांच्या काही योजनांमध्ये आईवडिलांच्या केबिनमधल्या १८ वर्षांखालच्या मुलांना फक्त कर भरावा लागतो. क्रूझ तोट्यात जाते ती जहाजावरच्या खर्चामुळे. दारू, सोडा, कॅफेतली कॉफी, विशेष उपाहारगृहं, फोटो, स्पा. बाटलीबंद पाण्यालाही पैसे पडतात. दारू न पिणाऱ्याने पेयांचं पॅकेज घेऊ नये. बुफेत पाणी, चहा आणि साधी कॉफी मिळते तेवढं पुरतं.

पैसे भरण्याची एक अडचण भारतीयांना हमखास येते. पहिल्या दिवशी जहाजाच्या कार्डाला तुमचं क्रेडिट कार्ड जोडतात आणि त्यावर काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर ती रक्कम प्रवास संपल्यावरही कित्येक दिवस सुटत नाही आणि पुढच्या हॉटेलात कार्ड चालेनासं होतं. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर सरळ युरोची रोकड अनामत म्हणून भरा. रक्कम रुपयांत आकारू का असं विचारलं तर नाही म्हणा, त्या दरात नुकसान असतं. भारतात पॅकेज घेताना आगाऊ कापलेला कर, म्हणजे टीसीएस, प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्याची पावती जपून ठेवा.

व्हिसा कोणत्या देशाचा

नियम असा की जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस सारखे असतील तर जिथून पहिल्यांदा शिरता त्या देशाकडे. बार्सिलोनाहून सुटणाऱ्या फेरीत बंदरं जिनोआ, चिव्हितावेक्किया, नेपल्स आणि मार्सेय असतील तर इटलीचे दिवस जास्त भरतात. पण क्रूझआधी बार्सिलोनात तीन रात्री राहिलात तर पारडं स्पेनकडे झुकतं. म्हणून आधी दिवस मोजा, मग अर्ज करा, आणि क्रूझच्या आरक्षणाची बंदरवार यादी जोडा.

व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा. ट्युनिस, तुर्कस्तानातलं कुशादासी किंवा कोटोर यांपैकी एखादं बंदर आलं की तुम्ही शेंगेनबाहेर जाता आणि परत येता. एका प्रवेशाच्या व्हिसावर तुम्हाला पहिल्या दिवशी जहाजावर चढूच देणार नाहीत, आणि तेव्हा पैसेही परत मिळत नाहीत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, तो प्रश्न आता उरला नाही. साउथॅम्प्टनहून निघणाऱ्या क्रूझला ब्रिटनचा व्हिसा वेगळा, तोही परत येताना चालेल असा. पहिल्या क्रूझसाठी ही दुहेरी दगदग करू नये. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या प्रवासासाठी भेटीची वेळ डिसेंबर-जानेवारीतच घ्या, मार्चनंतर मुंबईत तारखा मिळेनाशा होतात. विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. तो घेताना क्रूझचा प्रवास आणि जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे ना हे बघून घ्या, कारण जहाजावरचा डॉक्टर प्रत्येक तपासणीचे पैसे लावतो.

खाणं

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण पाव, पास्ता आणि सॅलडचा तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. उपाय सोपा आहे. आरक्षण करतानाच भारतीय शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद करा आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य भोजनकक्षाच्या प्रमुखाला भेटा. दुसऱ्या दिवशी काय हवं ते आदल्या रात्री सांगितलं की डाळ, भात, एखादी भाजी स्वतंत्र करून देतात. जहाजांवर गोव्याची, मुंबईची, कोकणातली माणसं पिढ्यानपिढ्या काम करत आली आहेत. मराठीत किंवा कोकणीत दोन शब्द बोललात तर स्वयंपाकघरापर्यंत निरोप नीट पोचतो.

कडक शाकाहारी असाल तर इटालियन पदार्थांत दोन गोष्टी विचारा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, ते पास्त्यावर न विचारता किसून घालतात. आणि रिसोटो किंवा भाज्यांचं सूप मांसाच्या उकडीत शिजवलेलं असू शकतं. तुमच्या सामानातली इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन जहाजावर चढताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. तयार उपमा-पोह्यांची पाकिटं चालतात, गरम पाणी बुफेत मिळतं. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवा.

केबिन, बोट लागणं आणि ज्येष्ठ

भूमध्य समुद्रात बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. जहाज रात्री चालतं, दिवसभर तुम्ही गावात असता, बाल्कनीत बसायला दिवसाकाठी तास-दोन तास मिळतात. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे डोंगर आणि धबधबे केबिनसमोरून सरकत असतात आणि उन्हाळ्यात उजेड रात्री उशिरापर्यंत असतो, तिथे बाल्कनी घ्यावीच. आतली केबिन साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची असते. तिच्यात चौघं मावतात, पण वरचे दोन पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात आणि चार मोठ्या बॅगा उघडायला जागा राहत नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर समोरासमोर दोन केबिन घेणं चांगलं.

बोट लागण्याची भीती असेल तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागा, तिथे हेलकावा सर्वांत कमी. टोकाची, वरच्या मजल्यावरची केबिन महाग असते आणि हलतेही जास्त. तलावाच्या थेट खालची केबिन टाळा, पहाटे डेकवरच्या खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. भाडं कमी म्हणून "केबिन नंतर कळवू" या प्रकारातलं आरक्षण घेतलं तर यातलं काहीच मागता येत नाही. उलटीवरची गोळी डॉक्टरला विचारून, त्रास सुरू होण्याच्या आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

तीन पिढ्यांनी एकत्र जायचं असेल तर क्रूझला तोड नाही, हे मी ठामपणे सांगेन. सामानाची बांधाबांध एकदाच. ज्याचे गुडघे दुखतात तो एखाद्या बंदरात उतरलाच नाही तरी त्याचा दिवस वाया जात नाही. व्हीलचेअरवाल्यांनी मात्र लाँचने उतरायची बंदरं असलेली फेरी टाळावी, लाटा असल्या की त्यांना लाँचमध्ये घेत नाहीत. २४ आठवडे झालेल्या गर्भवतींना आणि सहा महिन्यांखालच्या बाळांना जहाजावर घेत नाहीत. हात साबणाने धुवा. पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही.

ज्यांनी युरोप अजिबात पाहिलेला नाही आणि ज्यांच्या मनात पॅरिस आणि स्वित्झर्लंड आहे त्यांनी समुद्रातली क्रूझ घेऊ नये. आल्प्स समुद्रावरून दिसणार नाहीत. संग्रहालयांत रमणाऱ्यांनी आणि संध्याकाळी चौकात बसून गाव बघायला आवडणाऱ्यांनीही घेऊ नये, कारण दिवे लागायच्या सुमारास तुमचं जहाज सुटलेलं असतं. रोमहून फ्लोरेन्स आणि नेपल्स दोन्ही वेगवान रेल्वेने साधारण दीड तासावर आहेत, त्यासाठी जहाज लागत नाही. ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवरची नदीतली क्रूझ थेट गावाच्या मध्यात उतरवते आणि जहाजावर दीडशे-पावणेदोनशेच माणसं असतात, पण भाडं कितीतरी जास्त. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनचं पाणी इतकं उतरलं की प्रवाशांना मधलं अंतर बसने न्यावं लागलं. तिथे मे-जून बरा.

फोन, घड्याळ आणि शेवटची सकाळ

जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही. बिल हजारोंत येतं. सुटण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवायचं. ग्रीस आणि इटली यांत एक तासाचा फरक आहे. जहाजाचं घड्याळ कधी बदलणार ते रोजच्या पत्रकात छापतात, फोन मात्र स्वतःच बदलतो. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजा. स्वतःहून गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर थांबतं. म्हणून रोमसारख्या लांबच्या बंदराला पहिल्यांदा जाणाऱ्याने जहाजाची फक्त ने-आण करणारी बस घ्यावी, आत शहरात स्वतः फिरावं. नेपल्स, व्हॅलेटा, बार्सिलोनाला अशा सहलीची गरज नाही. विमान मात्र जहाज सुटायच्या दिवशीच उतरणारं घेऊ नका. ते चुकलं किंवा बॅगा मागे राहिल्या तर पुढच्या बंदरात स्वतःच्या खर्चाने जहाज गाठावं लागतं.

व्हिसा लागणाऱ्या देशांचे पासपोर्ट काही जहाजं चढताना ताब्यात घेतात. हे नेहमीचंच आहे, पण व्हिसाच्या पानासकट छायाप्रत जवळ बाळगा. शेवटच्या रात्री बॅगा पट्टी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. औषधं, पासपोर्ट, सकाळचे कपडे आणि पायात घालायचे बूट हातातल्या पिशवीत राहू द्या. दाराबाहेर ठेवलेली बॅग सकाळी धक्क्यावरच परत मिळते. बिल आदल्या रात्रीच पडद्यावर तपासा, सकाळी स्वागतकक्षापुढे रांग असते. बॅगा स्वतः उचलून नेणार असाल तर सगळ्यांत आधी उतरता येतं. चिव्हितावेक्कियाहून रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर जायला गाडीने तासभर, रेल्वेने दीड-दोन तास, शिवाय बायोमेट्रिक नोंदींमुळे शेंगेनमधून बाहेर पडतानाच्या रांगा लांबल्या आहेत. तिथून परतीचं विमान दुपारी दोननंतरचंच घ्या. बार्सिलोनाला विमानतळ जवळ आहे, तिथे बाराचंही चालेल.